कॉलर उसवून बघा

१

ऑफिसात आले की मी आधी खिडकीखालची बादली रिकामी करते. एसीचं पाणी तिच्यात ठिबकतं. दुरुस्तीचा अर्ज कधीचा दिलाय. त्यावर उत्तर आलं की कळवतील म्हणे. मग मशीन सुरू करायचं आणि आदल्या दिवसापासून जिल्ह्यात कुणी कुणाविरुद्ध काय ओकलंय ते बघत बसायचं.

मी आदिती. सायबर कक्षात कंत्राटावर तांत्रिक तज्ज्ञ. नाव मोठं आहे, काम तसं नाही. भडकवणारी पोस्ट शोधायची, ती ज्या ॲपवर आहे त्या कंपनीला नोटीस पाठवायची, आणि कंपनीचं तेच ते उत्तर वाचायचं: ‘कळवल्याबद्दल आभार. सदर मजकूर आमच्या नियमांचे उल्लंघन करत नाही.’ मग पुन्हा नोटीस, कलम घालून, सही-शिक्क्यासकट. शेवटी ती पोस्ट निघते तेव्हा तिच्यापायी फुटायच्या त्या काचा फुटून झालेल्या असतात.

त्यातल्या त्यात भरवशाची गोष्ट एकच होती: आवाजाचा ठसा. एखाद्या क्लिपच्या चढउतारावरून आमचं मशीन तिची खूण तयार करतं. मग तीच क्लिप कुणी नाव बदलून टाको, कापून टाको, मशीन ती ओळखतं. एकदा ठसा काढला की ती क्लिप माझ्या हातून सुटत नाही. तोपर्यंत तरी सुटली नव्हती.

मीरासाब चाचा आले ते हातात मोठी पिशवी घेऊन. कोल्हापुरात शिवाजी पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान आहे. तालमींच्या फुटबॉल संघांच्या जर्सी वर्षानुवर्षं तेच शिवतात. त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. निळ्या, पिवळ्या, काळ्या-पांढऱ्या जर्सी. सगळ्यांच्या कॉलरी फाडलेल्या.

“गिऱ्हाइकं परत आणून टाकाय लागल्यात, मॅडम,” ते म्हणाले. “समद्या उसवून.”

“का?”

त्यांनी फोन काढून क्लिप लावली. पाऊण-एक मिनिटाची असेल. पुरुषाचा आवाज. तो ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. जेवताना घरातल्या मोठ्या माणसानं सहज काही सांगावं, तसा बोलत होता. हा शिंपी पोरांच्या कॉलरीत काहीतरी शिवून देतो, म्हणून पोरांचे पाय मैदानावर जड होतात. या लोकांचं हे कधीपासून चाललंय, आपणच झोपलोय. आणि शेवटी: “माझ्यावर विश्वास ठेवू नका. कॉलर उसवून बघा.”

“मग आत काय निघालं?” मी विचारलं.

“बकरम. कॉलर ताठ ऱ्हायाला घालतो ते कापड. दुसरं काय असतंय कॉलरीत?”

“मग लोकांना दिसलं की काही नाही ते.”

“दिसलं की. म्हणत्यात, तुम्ही आधीच काढून घेतलासा.”

२

मी ठसा काढला, नोटीस पाठवली, तक्रार फौजदार क्रांती मॅडमकडं दिली. सरळ काम होतं. दुसऱ्या दिवशी तीच क्लिप दुसऱ्या खात्यावर आली आणि मशीननं सांगितलं, ही वेगळी आहे.

मला मशीनचा राग आला. दोन्ही क्लिपा एकावर एक ठेवून ऐकल्या. शब्द तेच. आवाज तोच. ‘कॉलर’ म्हणण्याआधीचा थांबाही तोच. फक्त श्वास दुसरीकडं घेतलेला. म्हणजे ही नक्कल नव्हती. कुणीतरी ते सगळं पुन्हा, पहिल्यापासून बोललं होतं.

एवढा उपद्व्याप कोण करतं? फॉरवर्ड करायला बोटाचं एक टोक लागतं. तरी मी स्वतःला समजावलं की ठसा चुकवायलाच हे चाललं असणार. कुणीतरी हुशार माणूस असेल.

मग मी बोलणाऱ्याचा नाद सोडून त्याच्या मागचे आवाज ऐकायला लागले. जागा कळली की माणूस कळतो. पहिल्या क्लिपच्या मागं शिलाई मशीन चालत होतं. मध्येच एक टाका अडखळायचा, मग पुन्हा धाव. दुपारीच मी पेठेत गेले. दुकानाच्या पायरीवरच थबकले. आत मीरासाब चाचा मशीन चालवत होते आणि टाका तसाच अडखळत होता.

“पहिल्या क्लिपच्या मागं हेच मशीन ऐकू येतंय, आतून. इथं कोण येऊन बसतं?” मी विचारलं.

“कोण येतंय आता? क्लिप आल्यापास्नं कुत्रंबी येईना.”

“आणि त्याआधी?”

त्यांची मुलगी शबनूर काजं-बटणं करत होती. ती म्हणाली, “क्लिप आली त्या दिवशी आम्ही दोघंच होतो, मॅडम. शटर अर्धं खाली होतं.”

“बाहेरून कुणी रेकॉर्ड केलं असेल.”

“आवाज तर आतलाय. तुम्हीच म्हणालासा न्हवं?”

चाचांनी मान खाली घातली. “मी लई येळा ऐकतो ती क्लिप. आवाज वळखीचा वाटतोय. कुणाचा ते ध्येनात येत न्हाय.”

“अब्बा, बास करा आता ते ऐकणं,” शबनूर म्हणाली. तिचा स्वर रागाचा होता. निदान मला तेव्हा तो राग वाटला.

३

कंपनीनं बऱ्याच पत्रांनंतर एका क्लिपची माहिती दिली. ती राजवर्धनच्या फोनवरून चढवलेली होती. राजवर्धन रंकाळ्याकडं व्यायामशाळा चालवतो. फुटबॉल शौकिनांचा एक मोठा ग्रुपही चालवतो. त्या क्लिपच्या मागं लोखंडी प्लेटा आदळल्याचे आवाज होते. क्रांती मॅडमनी त्याला उचलला आणि मला फोन केला. “मिटलं बघ तुझं झेंगट.”

मिटलं नव्हतं. राजवर्धनचा आवाज बारीक, घाईचा. त्याच्या आवाजाचा नमुना घेतला, तो जुळला नाही.

“फोन माझा हाय, मॅडम,” तो म्हणाला. “व्यायामशाळा माझी हाय. क्लिप माझ्याच फोनातनं गेलीया, मी न्हाय कुठं म्हणतोय? पण मी बोललो न्हाय. आईशप्पथ. मी नुसती ऐकलीया.”

“किती वेळा?”

“आता ते कसं सांगू? कानातनं जाईना. पोरांस्नी म्हटलं बी, कोण बोलालंय रं हे, वळखीचा वाटतोय.”

क्रांती मॅडमनी टेबलावर हात आपटला. “समदेच वळखत्यात आन् नाव एकबी सांगत न्हाय. नाटकं!”

मलाही नाटकच वाटलं. पोरगा मित्राला वाचवतोय, बाकी काही नाही. त्याला कोठडी मिळाली, फोन जप्त झाला, आणि मी निवांत झाले.

तो आत असतानाच पुढची क्लिप आली. पुन्हा नव्यानं बोललेली. मी हेडफोन लावून मागचा आवाज ऐकला. बराच वेळ काहीच नव्हतं. मग पाण्याचा थेंब पडला. थांबून आणखी एक.

मी हेडफोन काढले. खिडकीखाली बादलीत थेंब पडत होते.

४

थेंब कुठंही पडतात. कोल्हापुरात काय एकच एसी गळतो? मी हे मनात बऱ्याचदा म्हटलं. मग क्लिपमधल्या आणि बादलीतल्या थेंबांमधलं अंतर मोजलं, जुळलं, आणि तरीही तेच म्हटलं.

हवालदार जोतीराम माझ्याच खोलीत बसायचे. कोर्टासाठी क्लिपचा मजकूर शब्दन् शब्द लिहून काढायचं काम त्यांच्याकडं होतं. चार शब्द ऐकायचे, थांबवायचं, लिहायचं, मागं नेऊन पुन्हा ऐकायचं. निवृत्तीला आलेला, शांत माणूस. तंबाखूनं घसा बसलेला. त्यांचं साधं ‘व्हय मॅडम’सुद्धा पत्रा घासल्यासारखं यायचं.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपत आली होती. व्हरांड्यात कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. मी डबा धुऊन परत येत होते, तर दारातूनच क्लिप ऐकू आली.

“जोतीराम, हेडफोन लावून ऐका हो,” मी वैतागून म्हटलं. “सगळ्या ऑफिसाला कशाला?”

हेडफोन त्यांच्या कानावरच होते. समोरच्या लॅपटॉपवर क्लिप थांबवलेली होती. पेन कागदावर टेकलेलं. आणि खोलीत तो आवाज चालूच होता, स्वच्छ, घरातल्या मोठ्या माणसाचा. “...आपणच झोपलोय.” जोतीरामांची पाठ माझ्याकडं होती. कानाखाली जबडा हलताना दिसत होता.

मी बाजूनं पुढं झाले. त्यांनी वर बघितलं, हेडफोन काढले.

“काय झालं मॅडम?” घसा नेहमीसारखाच बसलेला.

“तुम्ही काय म्हणत होतात?”

“मी? लिव्हतोय की.”

शेजारी त्यांचा फोन उताणा पडला होता. पडद्यावर लाल टिंब लुकलुकत होतं. रेकॉर्डिंग सुरू होतं. मी बोट दाखवलं तर त्यांनी ते बघितलं आणि गोंधळून बंद केलं, जसं काही खिशात चुकून दाबलं गेलं असावं.

लिहिताना पुटपुटायची बऱ्याच जणांना सवय असते. मी तसं स्वतःला सांगितलं. पण पुटपुटताना माणसाचा घसा बरा होत नाही.

५

क्रांती मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं.

“आदिती, मी कोर्टाला काय लिव्हून देऊ? क्लिप ऐकून हवालदाराला भूत लागलं?”

“भूत म्हणत नाही मी. एवढंच म्हणते, ती कुणाला ऐकवू नका. मजकूर कागदावर आहे, तो वापरा. जोतीरामना दुसरं काम द्या.”

“जोतीराम माझा सगळ्यात चांगला माणूस हाय. आणि पुरावा ऐकायचा न्हाय तर काय लोणचं घालायचं? तू रजा घे दोन दिस. दमलीयास.”

दमले होतेच. मी रोज वरपर्यंत लिहीत होते की ही क्लिप ठशानं अडणार नाही, आणि वरून रोज येत होतं की ठसा वापरून अडवावी.

रविवारी उचगावला घरी होते. दुपारचं जेवण झालं होतं. आई स्वयंपाकघरात शेंगदाणे निवडत बसली होती. मी पुढच्या खोलीत आडवी झाले, पेपर वाचत. डोळा लागला नव्हता. पेपरातली ओळन् ओळ मला आजही आठवते.

आई दारात येऊन उभी राहिली. “कोण आलतं गं?”

“कुणी नाही.”

“मग बोलत कोण होतं? मी हाका मारून दमलो की. पुरुषमाणसाचा आवाज. बोलणं मात्र पटण्यासारखं होतं हं. कुठल्या शिंप्याचं सांगत होता तो?”

माझा फोन छातीवर होता. उचलला. लाल टिंब. रेकॉर्डिंग चालू होतं, आणि खाली पाठवायच्या ग्रुपचं नाव निवडून ठेवलेलं होतं. मी ते न ऐकता पुसलं. मग आईला म्हटलं, “टीव्ही असेल शेजारचा.”

“शेजारी कुलूप हाय,” आई म्हणाली आणि पुन्हा शेंगदाण्यांकडं गेली. थोड्या वेळानं ती आतून काहीतरी गुणगुणायला लागली. मी पळत गेले. अभंगच होता. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि तो संपेपर्यंत ऐकला.

६

पेठेतून शबनूरचा फोन आला. “या लौकर. माणसं आल्यात.”

मला वाटलं दगडफेक झाली. क्रांती मॅडम आणि मी त्यांच्या गाडीनं पोचलो, तर दगड नव्हते, घोषणा नव्हत्या. दुकानासमोर भर दुपारी रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात जर्सी. माणसं शांतपणे उभी होती, बिल भरायला उभी राहतात तशी. मीरासाब चाचा मशीनपाशी बसून एकेक कॉलर उसवत होते, आतलं बकरम काढून दाखवत होते. समोरचा माणूस ते बघायचा, मान हलवायचा आणि दुसरी जर्सी पुढं करायचा.

“काय चाललंय हे?” क्रांती मॅडम ओरडल्या. “हला हितनं!”

“काय करत न्हाय मॅडम,” पुढचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला. “बघालोय नुसतं.”

“काय निघालं का?” मी विचारलं.

“न्हाय अजून.”

त्यांना हुसकावताना मॅडमचा घसा बसला. रांग मोडली, पण माणसं लांब गेली नाहीत. समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसली. शबनूरनं शटर अर्धं ओढलं आणि मला आत घेतलं. चाचा खाली बघून उसवतच होते. आता हातात जर्सीही नव्हती. स्वतःच्या सदऱ्याची कॉलर होती.

“तुम्हाला एक सांगायचंय,” शबनूर कुजबुजली. “पण लिव्हून घ्यायचं न्हाय.”

“सांग.”

“पहिली क्लिप आमच्याच फोनातनं गेलीया. अब्बाच बोललेत. मी हितंच होतो. पण तो आवाज अब्बांचा न्हाय, मॅडम. माझ्या अब्बांचा आवाज मला म्हाईत न्हाय व्हय?”

“आणि त्यांना कुठून आली ती?”

“कुठनंतरी ऐकलीच असंल. कुणी ऐकवली ते त्यांस्नी आठवत न्हाय.”

त्याच आठवड्यात पहिल्या क्लिपबद्दल कंपनीचं उत्तर आलं. फोन मीरासाब यांचा. हे कोर्टात गेलं की राजवर्धनचा वकील एकच वाक्य बोलणार: शिंप्यानं स्वतःच केलं. आणि बाहेर कट्ट्यावर बसलेली माणसं तेवढंच वाक्य घेऊन घरी जाणार.

दडवायचं म्हटलं तर मीच गुन्हेगार. म्हणून मी अहवालात सगळंच लिहिलं. मीरासाब यांचा फोन, राजवर्धनचा फोन, जोतीराम यांचा फोन, माझा फोन. आणि स्पष्ट लिहिलं, यातला एकही आवाज त्या-त्या माणसाचा नाही; ही ध्वनिफीत कुणालाही, कुठंही ऐकवू नये.

क्रांती मॅडमनी ते वाचलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, “गाडीत मागं एकटी बसलेली असताना मी कुणाशीतरी बोलतो, असं माझा ड्रायव्हर म्हणत होता. मी त्याला झापलं.” मग सही केली.

७

निकाल आधीच सांगून टाकते. राजवर्धनला जामीन मिळाला. मीरासाब चाचांना कुणी आरोपी केलं नाही. त्यांचं दुकान आता बंद आहे. बापलेक कुठं गेले ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. क्लिप अजून फिरते. मी अजून नोटिसा पाठवते.

सांगायचं आहे ते जामिनाच्या सुनावणीच्या दुपारचं.

कोर्टाची खोली भरलेली होती. पंखे गरगरत होते. मागच्या बाकांवर तालमींची माणसं, पुढं वकील, एका कडेला क्रांती मॅडम आणि जोतीराम, दुसऱ्या कडेला मीरासाब चाचा आणि शबनूर. राजवर्धनचा वकील म्हणाला, पोलिस ज्या ध्वनिफितीवर एवढं उभं करतायत ती उघड न्यायालयात ऐकवावी.

मी उभी राहिले. “साहेब, विनंती आहे, ऐकवू नये. मजकूर लेखी जोडलेला आहे.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. चिडका नव्हता तो माणूस, पण सकाळपासून दमलेला होता. “तुमचा अहवाल वाचला मी. एका ओळीचाही अर्थ लागला नाही. पुरावा ऐकल्याशिवाय मी आदेश कसा देऊ?”

“निदान खोली रिकामी करा.”

“का?”

सगळं कोर्ट माझ्याकडं बघत होतं. कुणीतरी मागं हसलं.

“ऐकवा,” न्यायाधीश म्हणाले.

मी खाली बसले आणि फरशीकडं बघत राहिले. एका कोपऱ्यात कोर्टाचा कर्मचारी लॅपटॉप आणि स्पीकरशी झटापट करत होता. मग आवाज सुरू झाला. पूर्वी कधीच एवढा मोठा ऐकला नव्हता. भिंतींना लागून, छताला लागून, चारी बाजूंनी. तरीही शांत, समजूतदार. शिंपी, पोरांचे जड पाय, आपणच झोपलोय. मी दातांवर दात आवळून धरले होते; जीभ आतल्या आत वळवळत होती. “माझ्यावर विश्वास ठेवू नका.” तो थांबा. मग शेवटचं वाक्य.

पंखे ऐकू यायला लागले.

“पुरे,” न्यायाधीश म्हणाले. त्यांनी घोटभर पाणी घेतलं आणि टंकलेखिकेकडं वळले. “लिहा. ध्वनिफीत न्यायालयात ऐकवण्यात आली.”

“साहेब,” कोपऱ्यातला कर्मचारी म्हणाला. तो घामाघूम झाला होता. त्याच्या एका हातात स्पीकरची वायर होती, दुसऱ्या हातात तिची पिन. “एकच मिनिट साहेब. पिन बसंना झालीया. अजून लावलीच न्हाय मी.”

टंकलेखिकेची बोटं थांबली नव्हती.

मी मान वर केली. सगळ्यांवरून नजर फिरवायला मला एक क्षणच मिळाला, कारण तेवढ्यात सगळी तोंडं मिटत होती: मागचे बाक, वकील, जोतीराम, क्रांती मॅडम. न्यायाधीशांनी रुमालानं ओठ टिपले.

फक्त कडेच्या बाकावर शबनूरनं दोन्ही हातांनी वडिलांचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. चाचांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि त्यांचा जबडा तिच्या तळव्यांखाली अजून हलत होता. ती माझ्याकडं बघत होती, मदत मागितल्यासारखी. तिचं स्वतःचं तोंड दाबायला तिच्याकडं हात उरला नव्हता.